भरलेली पोटरी

आमच्या सायकलवाल्यांची एक रीत आहे. शर्यतींचा मोसम संपला की एका रविवारी सगळ्यांनी वसईजवळ नंदाखालला डॉमनिक अंकलच्या केळीच्या वाडीत जमायचं. एकेकाने उभं राहून वर्षाचा आढावा द्यायचा, आधी काय घालवलं ते आणि मग काय कमावलं ते. शेवटी पुढच्या वर्षाचा संकल्प. तो नुसता तोंडाने सांगून चालत नाही. तिथे लावलेल्या सायकलींपैकी एकीचं हँडल धरायचं आणि मग बोलायचं. ज्याची सायकल, तो त्या संकल्पात तुमचा सोबती. त्याला नाही म्हणायची सोय नसते. एकदा आमच्यातल्या वकीलबाईंनी अंकलच्या सायकलचं हँडल धरून लोणावळ्याचा घाट बोलून टाकला होता. साठी उलटलेले अंकल कपाळावर हात मारत त्यांच्यामागे घाट चढले.

यंदा माझी पाळी आली तेव्हा मला आढावा देताच आला नाही. संकल्प कसाबसा बोलले आणि बसले. राहिलेला आढावा इथे लिहिते आहे, कारण मी ज्या चुकीने मरता मरता वाचले ती चूक सायकलवालेच करू शकतात, आणि आमच्यात कुणाची ना कुणाची पोटरी कायम दुखत असते. आधीच सांगते, यात धैर्य वगैरे फारसं नाही. मी भ्याले, आणि अजूनही भिते. दवाखान्यातल्या खाटेवर ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकून ज्यांचे कान किटले असतील त्यांनी निवांत वाचावं.

मोसम

मी मनीषा. चाळिशी ओलांडलेली. माहेर साताऱ्याकडचं, सासर नायगावच्या बाजूला खाडीकाठचं. सासरची भातशेती आता नावापुरती उरली आहे, सगळे नोकरीला जातात. मी गोखिवऱ्याला प्लास्टिकचे डबे आणि झाकणं करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर मालातले दोष काढायचे. घरीही तेच करते असं माझा नवरा प्रमोद म्हणतो.

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा सायकल सुरू केली. आधी वजनासाठी, मग हौसेसाठी, मग शर्यतींसाठी. शर्यत म्हटलं की फार काही डोळ्यांसमोर आणू नका. माझ्या वयोगटात बायका इतक्या कमी की शेवटची आले तरी तिसरा नंबर लागतो. असं एक पदक मी खरंच आणलं आहे. सासूबाईंनी ते देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवलं.

याच सासूबाईंचा सुरुवातीला सायकलला कडाडून विरोध होता. गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून सून गावातून जाते, लोक काय म्हणतील. पण पहिल्या मोठ्या राइडनंतर मी ओट्यावर लंगडत आले, तेव्हा त्या उठल्या, खोबरेल तेलात लसूण आणि ओवा कढवला आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी संकोचून पाय ओढून घ्यायला गेले. सुनेने सासूचे पाय चेपायचे की सासूने सुनेचे? शेजारच्या काकू तर तोंडावर पदर धरून हसल्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “दिवसभर भात लावून यायची मी. माझं कोनी चेपलं नाय. पोटऱ्या कशा ठनकतात ते मना ठाव हाय.”

तेव्हापासून प्रत्येक राइडनंतर आमचा हा कार्यक्रम ठरलेला. त्या तेल लावायच्या आणि मी रस्त्यात काय काय झालं ते सांगायची. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी आम्ही दोघी एवढ्या बोललो नव्हतो.

यंदाचा मोसम छान सुरू झाला. पहिल्या दोन शर्यती मनासारख्या झाल्या. तिसरी घाटावरची, चढाची. शेवट जवळ आला असताना पुढच्याने एकदम ब्रेक दाबला, मी पडले, आणि पेडल डाव्या पोटरीवर जोरात बसलं. उठून शर्यत पूर्ण केली आणि त्याचा अभिमानही वाटला. परतताना गाडीच्या मागच्या सीटवर आम्ही तिघी दाटीवाटीने, माझ्या मांडीवर कुणाचं तरी चाक, पाय मुडपलेले. घाटापासून वसईपर्यंत मी तशीच बसून आले. पाणी मुद्दाम घोटभरच प्यायले, कारण रस्त्यात पुरुष कुठेही थांबतात, आम्हाला जागा शोधत बसावं लागतं. सायकल चालवणाऱ्या बायकांना हे गणित तोंडपाठ असतं.

उपाय

पोटरी दुखायला लागली. सायकलवाल्याची पोटरी दुखली की तो डॉक्टरकडे जात नाही, सायकलकडे बघतो. मी ग्रुपवर विचारलं आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. सीट खाली आहे. सीट वर आहे. मीठ कमी पडतंय, नारळपाण्यात टाकून घे. डॉमनिक अंकल स्वतः पाना घेऊन घरी आले आणि माझी सीट बोटभर वर करून गेले. “बाय, आता बघ, दोन दिवसांत पाय पळेल.”

पाय पळाला नाही, फुगला. संध्याकाळी मोजा काढला की कातडीवर खोल वळ दिसायचा. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली भरली होती. आणि मी, मालातले दोष काढण्याचा पगार घेणारी बाई, आरशासमोर उभी राहून खूश झाले. चढावर घाम गाळल्याचं फळ म्हणून तिचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. वीसेक जणांनी दंड फुगवलेली चित्रं पाठवली. एकानेही विचारलं नाही की बाई, दुसरी पोटरी का नाही भरली?

सासूबाईंनी मात्र हात लावल्या लावल्या म्हटलं, “गरम लागते गो.” मी म्हटलं, स्नायू वाढतोय. त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या सुनेवर विश्वास ठेवला आणि तेल लावून नेहमीपेक्षा जास्त जोर देऊन चोळलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच पेंगले.

तो दिवस

आदल्या दोन दिवसांपासून दम लागत होता. हवा खराब आहे म्हणून सोडून दिलं. त्या सकाळी कारखान्याचा जिना चढले. रोजचाच जिना, नेहमी मी त्यावरून फोनवर बोलत धावत जाते. अर्ध्यात थांबले. छाती भरून श्वास घेतला तर तो कुठेतरी मध्येच अडला, पाठीत सुरी टोचल्यासारखं झालं. कठडा धरून खाली बसले. खाली यंत्रांचा आवाज चालू होता आणि मला वाटलं, मी इथेच गेले तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाला कळणारही नाही.

पॅकिंगच्या मुलीने बघितलं आणि आरडाओरडा केला. प्रमोद येईपर्यंत साहेबांनी रिक्षात घातलं होतं, तो शेजारी बसला. रिक्षात मी दांड्याला डोकं टेकून एकच गोष्ट करत होते, पुढचा श्वास येतो का ते बघत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. छातीला स्टेथोस्कोप लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पाय दुखतो का कुठला?”

मी थक्क झाले. दम छातीत अडलाय आणि या पायाचं काय विचारताहेत? त्यांनी टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. टेप बघितला, डावी पुन्हा मोजली. मग त्यांचा आवाज बदलला. आवाज बदलला की पेशंटला कळतं. मग भराभर सगळं झालं, पायाची सोनोग्राफी, छातीचं स्कॅनिंग. स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध सोडतात तेव्हा अंगभर गरम लाट जाते. मला वाटलं, मरताना असंच होत असणार.

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तिचे तुकडे सुटून फुफ्फुसात गेले होते. डॉक्टरीणबाई साध्या शब्दांत सांगत होत्या. प्रमोद ‘हो, हो’ म्हणत होता आणि त्याला काहीच कळत नव्हतं, हे मला त्याच्या शर्टाच्या बटणाशी चाळा करणाऱ्या बोटांवरून दिसत होतं. मी विचारलं, “अजून गाठ आहे पायात?” त्या म्हणाल्या, आहे. विचारलं, “तीही सुटेल?” त्या म्हणाल्या, ती सुटू नये म्हणूनच उपचार करतोय.

म्हणजे सुटू शकते. एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

काचेच्या आत

आयसीयूत पहिला हुकूम, खाटेवरून उतरायचं नाही. डोंगर चढणारी बाई भांड्यावर बसायला दुसऱ्याच्या हातांची वाट बघत होती. पोटात सुई टोचायचे, तिथे निळेजांभळे डाग पडले. नाकात ऑक्सिजनची नळी. सकाळी रक्त काढायला येणार, मग अंग पुसायला मावशी, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी एका माणसाला थोडा वेळ भेट. या सगळ्यांच्या मधल्या वेळात फक्त भीती. मला वाटायचं मी पाय हलवला की ती गाठ निघेल. म्हणून डावा पाय मी असा ठेवला होता जसं त्यावर झोपलेलं मूल आहे.

डोक्याशी मॉनिटर. आम्हा सायकलवाल्यांना नाडीच्या आकड्याचं वेड. मनगटावरचं घड्याळ बघून आम्ही एकमेकांवर फुशारकी मारतो. तिथे मी आकडा बघायची, तो वाढलेला दिसायचा, त्याने घाबरायची आणि घाबरल्यामुळे तो आणखी वाढायचा. दुपारच्या सिस्टरच्या हे लक्षात आलं. केरळची होती, थोराड बांध्याची. तिने मॉनिटर स्वतःच्या टेबलाकडे वळवला. मी म्हटलं, मला दिसत नाही. ती म्हणाली, “मैं देखती हूँ ना. तुम छत देखो.”

मी आयुष्यात ज्यांची ऋणी आहे त्यांत तो वळवलेला मॉनिटर फार वर आहे. छताला एक डाग होता. त्याच्याकडे बघत मी त्या दुपारी पहिल्यांदा झोपले.

डॉमनिक अंकल भेटीच्या वेळात आले. काचेपाशी उभे राहिले, आत यायला धजेनात. आले तेव्हा म्हणाले, “मिस्सेला तुझं नाव दिलंय, बाय.” म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत. मग, “सीट मी वर केली गो.” मी म्हटलं, अंकल, सीटमुळे नाही झालं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “तरी मी ती खाली करून ठेवतो.” मला हसू आलं, हसताना पाठीत कळ आली आणि कळ आली म्हणून मी पुन्हा घाबरले.

हात

वॉर्डात हलवल्यावर सासूबाई पेज घेऊन आल्या. त्याच वेळी एक शिकाऊ डॉक्टर कागद भरत होता. पडलात का? हो. लांबचा प्रवास? हो. पाय चोळला होता का? मी काही बोलायच्या आत सासूबाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, “मी चोलला ना. रोज.”

तो पोरगेलासा डॉक्टर वर न बघता म्हणाला, “अशा वेळी चोळायचं नसतं आजी. गाठ सुटते त्याने.”

त्याचं शास्त्र चुकलं नसेल. पण तो निघून गेला आणि सासूबाई डबा धरून तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबा ठेवला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ कशाने सुटली हे कुणीच सांगू शकत नाही. आपोआपही सुटते, तुम्ही सायकल चालवतच होतात. मी हे सासूबाईंना दहा वेळा सांगितलं असेल. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, “गरम लागली होती मना. तरी चोलली.”

घर

घरी आले आणि वाटलं होतं सुटले. उलट भीती मोकळी झाली. दवाखान्यात तिच्यावर लक्ष ठेवायला माणसं होती, घरी मी एकटी.

रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. म्हणजे कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, पडून डोक्याला लागलं तर आतल्या आत वाहत राहील. मी विळीकडे बघणंच बंद केलं. न्हाणीघरात भिंत धरून चालायची. मी सायकलचं विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चालवायला हरकत नाही हो, पडायला हरकत आहे. गोळी चालू आहे तोवर रस्त्यावर नकोच.”

प्रमोदने एवढंच ऐकलं. त्या दिवशी त्याने सायकलचं पुढचं चाक काढून माळ्यावर टाकलं. मी चिडले. म्हटलं, मी काय लहान आहे? तो म्हणाला, “त्या रिक्षात तू होतीस, पण तुझ्याकडे मी बघत होतो. तुझे ओठ निळे पडले होते, मनीषा. तुझ्या छंदापायी मला ते परत बघायचं नाही.” आणि घराबाहेर गेला. पुढचे काही दिवस आम्ही मीठ-भाजीपुरतं बोललो. मला राग आला होता त्याच्या बोलण्याचा, आणि आतून बरंही वाटलं होतं की चाक माळ्यावर आहे. सायकलवर बसायचं धाडस आता आपल्याला करावं लागणार नाही. हे मी त्याला सांगितलं नाही.

सासूबाईंनी विरारच्या डोंगरावरच्या जीवदानीला नवस बोलला होता, खण-नारळ आणि सगळ्या पायऱ्या चढून दर्शन. पायऱ्या अर्थात मी चढायच्या. देवीपाशी बोलताना त्यांनी माझं मत विचारलं नव्हतं.

मात्र त्या मला हात लावेनाशा झाल्या. पाण्याचा तांब्या जवळ ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. तेलाची वाटी फडताळात मागे गेली. सुटीत मुलगी आली, “आजी, डोक्याला तेल लाव” म्हणाली, तर म्हणाल्या, हात दुखतात. रोज सकाळी त्या मला ओट्यावर उजेडात उभं करायच्या, साडी गुडघ्यापर्यंत वर धरायला सांगायच्या आणि वाकून दोन्ही पोटऱ्या बघायच्या. स्वतःचे हात पाठीमागे, एकात एक घट्ट धरलेले. कुणाची मौल्यवान वस्तू फुटू नये म्हणून लहान मुलांना हात मागे घ्यायला सांगतात ना, तसे.

“सारक्याच हात,” म्हणजे सारख्याच आहेत, असं म्हणाल्या की दोघींचा दिवस सुरू व्हायचा.

एक दुपार सांगायलाच हवी. घरात कुणी नव्हतं. टीव्ही बघताना वाटलं, श्वास उथळ झालाय. वाटलं आणि झालाच. तोच जिना, तीच सुरी. प्रमोद कामावरून धावत आला, पुन्हा रिक्षा, पुन्हा तोच दवाखाना. सगळं तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फुफ्फुस छान आहे. ही भीती होती.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या पुढे म्हणाल्या, “दम खराच लागला होता तुम्हाला. भीतीनेही लागतो. पुन्हा वाटलं तर पुन्हा या, लाजू नका.” हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. कुणाला तरी लागेल.

परतताना रिक्षात प्रमोदने माझा हात धरला होता. म्हणाला, “मलाही होतं तसं. तू झोपलीस की तुझा श्वास बघत बसतो मी.” त्या दिवशी आमचं भांडण संपलं. भीती तेवढीच राहिली, पण निदान एकत्र कुटुंबात आली.

वाडी

उन्हाळ्यात नंदाखालचा रविवार आला. जायचं नव्हतं. अंकलचा फोन, “नुसती ये. फुगे खा आणि जा.” फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव. सासूबाई म्हणाल्या, मी येते संगती. त्यांना मला एकटीला कुठे पाठवायचं नव्हतं.

केळीखाली सगळे जमले होते. सायकली रांगेने लावलेल्या. सासूबाईंना अंकलनी खुर्ची दिली. एकेक जण उठून बोलत होता, टाळ्या, थट्टा. माझी पाळी आली. मी उभी राहिले. ‘घालवलं’ हा शब्द तोंडात आला आणि पुढे काही येईना.

कुणीतरी वातावरण हलकं करायला ओरडलं, “ताई, पुढच्या वर्षी घाट परत!” टाळ्या पडल्या. मी सायकलींच्या रांगेपाशी गेले आणि अंकलच्या जुन्या सायकलचं हँडल धरलं.

“इथून राजोडी,” मी म्हटलं. “आणि परत.”

एक जण हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. नंदाखालची शाळेतली पोरं राजोडीच्या समुद्रावर जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं.

अंकल उठले. “मी आहे,” म्हणाले. सासूबाई खुर्चीतून कुणालातरी विचारत होत्या, “कितीक लांब हाय ते राजोडी?”

राजोडी

पावसाळा सरला, खाडीकाठचं भात पिवळं पडलं. सोनोग्राफी स्वच्छ आली आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. आता रस्त्यावर जा म्हणाल्या, फक्त पाणी प्या आणि पाय मुडपून तासन्‌तास बसू नका. मला आनंद व्हायला हवा होता. गोळी होती तेव्हा पडायची भीती होती, गोळी गेली आणि गाठीची भीती परत आली. सगळ्यांनी पेढे वाटले आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले.

पुढच्या रविवारी प्रमोदने माळ्यावरून चाक काढलं. पुसलं, हवा भरली, स्वतः बसवलं. ब्रेक इतक्या वेळा दाबून बघितला की शेवटी मीच म्हटलं, पुरे, झिजेल. सायकल टेम्पोत घालून आम्ही तिघं अंकलच्या वाडीत गेलो. सासूबाई तिथल्या ओट्यावर बसल्या. प्रमोद फाटकापाशी उभा राहिला, ‘मागून स्कूटर घेऊन येऊ का’ हे ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

पहिलं पेडल मारलं. पाय विसरले नव्हते, मी मात्र प्रत्येक श्वास तपासत होते. कारखान्यात झाकण उजेडात धरून बघते तसा, पूर्ण आहे का, कुठे चीर नाही ना. दोन वळणं झाली. वळणावरच्या क्रुसापाशी अंकलनी कपाळाला हात लावला आणि माझ्या शेजारी, रस्त्याच्या बाजूने आले.

“तुझा आढावा राहिलाय. दे आता.”

“आत्ता?”

“बोलत राहा. तू बोलणं थांबवलंस की मी सायकल थांबवणार.”

म्हणून मी बोलत गेले. हे सगळं, जे इथे लिहिलं, ते आधी नंदाखाल ते राजोडीच्या रस्त्यावर बोलले. गाडीतलं मुडपून बसणं, पोटरीचा फोटो, जिना, छतावरचा डाग, निळे ओठ. मध्ये एकदा एका कुत्र्याने पाठलाग केला आणि माझी बोबडी वळली, अंकलनी त्याला त्यांच्या बोलीत अशी शिवी घातली की ते मागे फिरलं. नारळाच्या वाड्या संपल्या, सुरूची झाडं आली, वाळू. मी उतरले. समुद्र ओहोटीला लागला होता, कोळणी मासळी पसरत होत्या. मला वाटलं होतं इथे काहीतरी वाटेल. मी बाटली काढली आणि पाणी प्यायले.

“घालवलेलं सांगितलंस,” अंकल म्हणाले. “कमावलं काय?”

मी सायकल वळवली. म्हटलं, “परत पोचू दे आधी.”

परतीचं फार आठवत नाही. वारा समोरून होता. एकदा दम लागला, थांबले, पाणी प्यायले, तो साधा दम होता, सायकलचा. तो निघून गेला. असा दम निघून जातो हे मी विसरूनच गेले होते.

फाटकापाशी प्रमोद तसाच उभा होता. मी सायकल त्याच्या हातात दिली आणि ओट्यावर सासूबाईंच्या शेजारी बसले. पाय पुढे केले. सवयीने त्या वाकल्या, हात पाठीमागे.

“सारक्याच हात,” म्हणाल्या.

“डोळ्यांनी नको,” मी म्हटलं. “हात लावून सांगा.”

त्यांनी मान हलवली. नाही. मी त्यांच्या पाठीमागे हात नेला आणि त्यांची मूठ सोडवली. घट्ट होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यांचा तळवा मी माझ्या डाव्या पोटरीवर ठेवला. तो थंडगार होता. त्यांनी चोळलं नाही, दाबलं नाही. नुसता ठेवला.

“गरम लागते?” मी विचारलं.

त्यांनी दुसरा तळवा उजव्या पोटरीवर ठेवून बघितला. मग म्हणाल्या, “उन्हातनं आलंस, तेवडीच.”

“आई, मला अजून भीती वाटते.”

“मना पन,” त्या म्हणाल्या, आणि हात उचलला नाही.